निजायच्या आधीचा पेला

रात्रीची जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की बहुतेक मराठी घरांत शेवटचं पातेलं गॅसवर चढतं ते दुधाचं. कुणाला त्यात हळद लागते, कुणाला जायफळ, कुणाला डब्यातली पावडर. घरात मधुमेह आला की भात कमी होतो, चहातली साखर जाते, आंब्याच्या फोडी मोजल्या जातात. हा रात्रीचा पेला मात्र बहुधा तसाच राहतो, कारण त्याला कुणी जेवणात धरतच नाही. डॉक्टरांनी आहार विचारला तर पोळ्यांचा हिशेब सांगितला जातो, दुधाचा नाही. मग सकाळी उपाशीपोटीची साखर १६० आली की आदल्या रात्रीच्या भाजीत बटाटा होता का, यावर घरात चर्चा होते.

म्हणून आधी त्या पेल्याचाच हिशेब मांडू. दुधाला जी मंद गोडी असते ती लॅक्टोज या साखरेची. दूध गाईचं असो की म्हशीचं, १०० मिलिलिटरमागे साधारण ५ ग्रॅम कर्बोदकं येतात. घरातला पेला २०० मिलिलिटरचा धरला तर १० ग्रॅम झाले. मध्यम आकाराच्या पोळीत १८ ते २० ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे साखर न घातलेलं पेलाभर दूध ही अर्धी पोळी. त्यात दोन चमचे साखर पडली की आणखी १० ग्रॅम, म्हणजे एक पोळी. आणि माल्टची पावडर दोन मोठे चमचे घातली, तर त्या २० ग्रॅम पावडरीतले १६-१७ ग्रॅम कर्बोदकांचेच असतात. अशा रीतीने जेवणात एक पोळी मन मारून कमी केलेला माणूस झोपताना जवळजवळ दोन पोळ्या पिऊन झोपतो, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

दुधाबद्दल दोन-तीन समज इतके पक्के आहेत की त्यांच्यावर जरा थांबायला हवं. पहिला समज सायीचा. साय काढली, म्हशीचं सोडून टोन्ड दूध आणलं, की दूध मधुमेहाला चालणारं झालं असं मानतात. टोन्ड दुधात स्निग्धांश ३ टक्के, डबल टोन्डमध्ये दीड टक्का आणि फुल क्रीममध्ये ६ टक्के असतो. या पिशव्यांमधला फरक चरबीचा आणि उष्मांकांचा आहे. लॅक्टोज तिन्हींत जवळपास तितकंच. वजन आणि कोलेस्टेरॉल सांभाळायचं असेल तर डबल टोन्ड घेण्यात अर्थ आहे, साखरेच्या हिशेबात त्याने काही कमी होत नाही. ए-टू म्हणून महाग विकल्या जाणाऱ्या दुधाचंही तेच. दुसरा समज लॅक्टोज-फ्री दुधाचा. ज्यांना दूध पचत नाही त्यांच्यासाठी ते उत्तम आहे. पण त्यातलं लॅक्टोज कुठे गेलेलं नसतं. विकर घालून ते ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोन साखरांत फोडलेलं असतं. म्हणूनच ते नेहमीच्या दुधापेक्षा गोड लागतं. कर्बोदकांची बेरीज तीच राहते.

इतकं सांगूनही मी दुधाला वाळीत टाकायला सांगणार नाही. दुधातली साखर एकटी पोटात जात नाही. दुधातलं केसीन हे प्रथिन जठरात विरजतं आणि सावकाश पुढे सरकतं, तर निवळीतली प्रथिनं इन्सुलिन स्रवायला मदत करतात. त्यामुळे तितक्याच ग्रॅम साखरेच्या पाण्याने जशी रक्तातली साखर उसळते तशी दुधाने उसळत नाही. प्रश्न मापाचा आहे, आणि मापाचा उपाय आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे. अर्धा पेला दूध, अर्धा पेला पाणी, त्यात सुंठ, वेलदोडा, चिमूटभर हळद घालून एक उकळी आणायची. पाच ग्रॅम कर्बोदकांत पेला भरतो आणि मसाल्यांच्या वासामुळे पाणी घातल्याचं जाणवत नाही. पंधरवडाभर प्यायलं की साखर घातलेलं दूधच जिभेला अती वाटू लागतं.

हळदीचं काय, हा प्रश्न इथे येणारच. हळदीतलं कर्क्युमिन हे द्रव्य प्रयोगशाळेत पुष्कळ गुण दाखवतं, पण ते पोटातून रक्तात फारच थोडं उतरतं. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं की मिऱ्यातलं पिपरिन सोबत दिलं तर माणसाच्या रक्तात उतरणारं कर्क्युमिन अनेक पटींनी वाढतं. तेव्हापासून हळदीच्या दुधात मिरपूड घालायची पद्धत शहरांत रुळली. पण त्या प्रयोगात दिलेलं कर्क्युमिन २ ग्रॅम होतं. हळदीच्या पुडीत ते साधारण ३ टक्के असतं, म्हणजे तेवढं मिळवायला साठ-सत्तर ग्रॅम हळद पोटात जायला हवी. आपण घालतो पाव चमचा. तेव्हा हळदीचं दूध घशाला बरं वाटतं म्हणून प्यावं, आवडतं म्हणून प्यावं. त्याने साखर उतरेल या भरवशावर गोळी चुकवू नये. जायफळाचंही माप सांभाळायला हवं. झोप यावी म्हणून दुधात जायफळ उगाळायची रीत जुनी आहे आणि सहाणेवर दोन वळसे इतकं ते निर्धोक आहे. पण एखाद-दोन चमचे पूड पोटात गेली तर उलट्या, धडधड आणि भ्रम होऊ शकतो. झोप येत नाही म्हणून जायफळ वाढवत नेणं हा उपाय नव्हे.

आता ज्या पेल्याबद्दल मला सगळ्यात जास्त तळमळीने सांगायचं आहे, तो नाचणीसत्त्वाचा. घरात कुणी आजारी पडलं, अंगात त्राण राहिलं नाही, की आजी किंवा सासूबाई सत्त्व करतात. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाटायची, फडक्यातून गाळायची, खाली बसलेला साका वाळवायचा. करायला कष्ट पडतात, आणि त्या कष्टांत माया असते. नाचणी मधुमेहाला चांगली हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, म्हणून साखरेच्या रुग्णाला रात्री भाताऐवजी किंवा झोपताना सत्त्वाची पेज दिली जाते. पण नाचणीचा जो चांगुलपणा सांगितला जातो तो मुख्यतः तिच्या कोंड्यातल्या तंतूंचा आहे, आणि सत्त्व करताना नेमका तोच फडक्यात मागे राहतो. खाली बसतो तो पिष्टाचा, म्हणजे स्टार्चचा साका. त्यात मोड आणल्यामुळे धान्यातली विकरं जागी होऊन थोडा स्टार्च आधीच साखरेत मोडलेला असतो. तो पाण्यात शिजवला की पचायला आणखी हलका होतो. तान्ह्या बाळाला आणि अशक्त माणसाला पचायला हलकं हवंच असतं. मधुमेहात ‘पचायला हलकं’ याचा अर्थ साखर लवकर चढवणारं असा होतो. दोन मोठे चमचे सत्त्वाची पेज म्हणजे १५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, तीही वेगाने रक्तात उतरणारी. वर गूळ घातला तर पुढचं सांगायलाच नको. नाचणी खायचीच तर दिवसा, सालासकट दळलेल्या पिठाची भाकरी करून, सोबत भाजी आणि आमटी घेऊन खावी.

डब्यातल्या माल्ट पावडरींतही हीच क्रिया कारखान्यात झालेली असते. बार्लीला मोड आणून तिच्या स्टार्चचं माल्टोज केलं जातं, आणि रक्तातली साखर चढवण्यात माल्टोज ग्लुकोजच्या बरोबरीचं आहे. त्यात बहुतेक वेळा वरून साखरही पडते. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढायला सांगितलं, कारण २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ नावाची व्याख्याच नाही. मधुमेहींसाठी म्हणून वेगळ्या विकल्या जाणाऱ्या पावडरींचा डबाही उलटून वाचावा. आपल्याकडच्या नियमांनुसार १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नसेल तरच ‘शुगर फ्री’ लिहिता येतं. पण माल्टोडेक्स्ट्रिन हे स्टार्चपासून काढलेलं द्रव्य साखरेच्या रकान्यात मोजलं जात नाही, आणि रक्तात मात्र ते साखरेच्याच वेगाने उतरतं. म्हणून ‘साखर’ हा रकाना सोडून ‘एकूण कर्बोदकं’ हा रकाना बघायचा, आणि तो १०० ग्रॅममागे काय म्हणतो यापेक्षा आपण घेतो तेवढ्या चमच्यांत काय येतं ते काढायचं.

गूळ, मध, खजूर यांच्याबद्दल फार लिहीत नाही. गुळात लोह असतं हे खरं, पण चमचाभर गुळात ते नगण्य आणि बाकी बहुतेक साखरच. खडीसाखर आणि मधाचंही तसंच. गोड चव सोडवतच नसेल तर स्टिव्हिया किंवा सुक्रालोज चालेल. अ‍ॅस्पार्टेमच्या गोळ्या उकळत्या दुधात टाकल्या तर त्यांची गोडी मोडते, म्हणून त्या पातेलं खाली उतरवल्यावर घालाव्यात. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन कमी करण्यासाठी असे गोडवे वापरू नयेत असं म्हटलं, तेव्हा बऱ्याच मधुमेहींनी धसका घेतला. ती शिफारस आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नव्हती. तरीही माझं मत विचाराल तर निदान रात्रीचा पेला तरी गोडाविना पिता यावा इतकी जीभ वळवून घेणं जास्त टिकाऊ.

दुधाला पर्याय म्हणून बाजारात आलेल्या पेयांत बदामाचं आणि सोयाचं बिनसाखरेचं दूध खरोखरच कमी कर्बोदकांचं असतं. पण ‘बिनसाखरेचं’ ही अट त्यात महत्त्वाची. व्हॅनिलाच्या वा चॉकलेटच्या चवीच्या खोक्यात साखर असतेच. विकतच्या बदामदुधात बदाम अगदी थोडा आणि प्रथिनं नावापुरती असतात, हेही माहीत असावं. घरी करायचं तर आठ-दहा बदाम दिवसभर भिजवून, सोलून, वाटून गरम पाण्यात कालवावेत. दोन-अडीच ग्रॅम कर्बोदकांत पेला होतो आणि बदाम खरोखर पोटात जातो. ओटचं दूध मात्र या पंक्तीतलं नव्हे. ते करतानाही धान्यातला स्टार्च विकरांनी मोडलेला असतो, आणि त्याच्या पेल्यात गाईच्या दुधापेक्षा जास्त कर्बोदकं निघतात.

पण रात्री काहीतरी प्यायचं म्हणजे दूधच, हे तरी का धरून बसायचं? कोकणात आणि गोव्यात जेवणाच्या शेवटी सोलकढी असते. नारळाच्या दुधात कर्बोदकं कमी, कोकमात जवळजवळ नाहीतच; साखर न घालता केली तर वाटीभर सोलकढीत चार-पाच ग्रॅमच्या वर काही जात नाही. चरबी मात्र भरपूर जाते, म्हणून वाटीभरच. कोकम विकत घेताना एक खूण लक्षात ठेवावी. ‘अमृत कोकम’ म्हणून मिळतो तो साखरेचा पाक असतो. हवं असतं ते आगळ, म्हणजे मीठ लावून काढलेला कोकमाचा रस. कोमट पाण्यात चमचाभर आगळ, जिरेपूड आणि ठेचलेली लसूण घातली की विनासाखरेची फुटी कढी होते. आगळ फार खारट असतं, त्यामुळे रक्तदाब असेल तर वरून मीठ घालू नये आणि रोज पिऊ नये.

देशावर कोमट सार चालतं. टोमॅटोचं पातळ सार, त्यात गुळाचा खडा न टाकता जिरं, कढीलिंब आणि आल्याची चव आणलेलं, चार-पाच ग्रॅमच्या घरात राहतं. पाकिटातल्या सुपाने त्याची जागा घेता येत नाही, कारण त्यात दाटपणासाठी मक्याचं पीठ आणि चवीसाठी साखर असते. पातळ ताकाच्या पेल्यात दही असतं पाव वाटी, म्हणजे दोन-अडीच ग्रॅम कर्बोदकं; विरजताना लॅक्टोजचा काही भाग जिवाणूंनी खाल्लेला असतो, तो फायदा वेगळा. आयुर्वेदात रात्री दही वर्ज्य मानलं आहे आणि अनेक घरांत ताकही संध्याकाळनंतर पीत नाहीत. ज्यांच्याकडे ही रीत आहे त्यांनी ती मोडायची गरज नाही, ज्यांना सोसतं त्यांना साखरेच्या बाजूने हरकत नाही. रात्री भूकच लागते, नुसतं पेय पुरत नाही, अशांसाठी मुगाचं कढण उत्तम: मूठभर मूग शिजवून, घोटून, हिंग-जिऱ्याच्या फोडणीचं. त्यात आठ-दहा ग्रॅम कर्बोदकं येतात, पण सोबत प्रथिनं आणि न गाळल्यास तंतूही येतात.

आणि ज्यांना भूक नसते, फक्त हातात काहीतरी गरम हवं असतं, त्यांच्यासाठी परसातला किंवा कुंडीतला गवती चहा आहे. चार पाती, आल्याचा तुकडा, दोन पुदिन्याची पानं. चहाची पूड नाही, दूध नाही, साखर नाही. धने-जिरे-बडीशेपेचा काढाही तसाच. यांत कर्बोदकं मोजण्याइतकी नसतात. खरा चहा आणि कॉफी रात्री टाळण्याचं कारण साखरेपलीकडचं आहे. कॅफीन अंगातून निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, आणि कमी झोपेचा थेट परिणाम साखरेवर होतो. १९९९ साली शिकागो विद्यापीठात ११ निरोगी तरुणांना सलग सहा रात्री चारच तास झोपू दिलं, तेव्हा त्यांचीही साखर पचवण्याची ताकद ठळकपणे खालावली होती. मधुमेह असलेल्या शरीराला ही चैन परवडणारी नाही. रात्री दहाला चहा घेऊनही मला झोप लागते, असं सांगणारे भेटतात. झोप लागते, पण ती उथळ होते, हे त्यांना कळत नाही.

दालचिनी आणि मेथी यांची नावं काढ्यात येतातच. दालचिनीची हवा झाली ती २००३ साली पाकिस्तानातल्या ६० रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासानंतर. त्यात साखर चांगली उतरलेली दिसली. पुढे बरेच प्रयोग झाले आणि २०१२ मध्ये त्या सगळ्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा मधुमेहासाठी दालचिनी सुचवावी इतका पुरावा सापडला नाही. शिवाय आपल्या बाजारातली जाड सालीची दालचिनी बहुधा कॅसिया जातीची असते आणि तिच्यात कुमारिन हे यकृताला जड जाणारं द्रव्य असतं. चवीपुरता तुकडा ठीक, रोज चमचाभर पूड नको. मेथीची बाजू भक्कम आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने १९८० च्या दशकापासून तिच्यावर काम केलं, आणि साखर उतरलेली दिसली ती मेथीची पूड रोज २५ ते १०० ग्रॅम पोटात गेल्यावर. तिचा गुण बियांतल्या बुळबुळीत तंतूंत आहे. रात्री दाणे भिजवून सकाळी नुसतं पाणी प्यायचं आणि दाणे टाकून द्यायचे, ही पद्धत म्हणून पटत नाही. दाणे चावून खावेत. गुळवेलीचा काढा मात्र रोज रात्री, महिनोन् महिने, मनाने घेऊ नये. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती वनस्पती दुसऱ्याच जातीची असू शकते असं म्हटलं. घरी वेल तोडून आणणाऱ्याला त्या जातींतला फरक ओळखता येईलच असं नाही, आणि सावध राहायला तेवढं पुरे.

इसबगोल घेणारे पुष्कळ आहेत, आणि या सगळ्यांत मला तेच जास्त शहाणे वाटतात. बद्धकोष्ठासाठी म्हणून घेतलेलं इसबगोल साखर आणि कोलेस्टेरॉल दोन्हींना थोडा हातभार लावतं. ते गोड चवीच्या पुडीतलं नसावं, पेलाभर पाण्यात लगेच प्यावं, आणि गोळ्या त्याआधी किंवा नंतर दोनेक तासांच्या अंतराने घ्याव्यात.

एवढं सगळं सांभाळूनही सकाळची साखर चढलेलीच असेल तर? इथे अनेकांचा धीर सुटतो. रात्री आठला जेवलो, झोपताना कोमट पाणी प्यायलो, झोपताना साखर १३० होती, मग सकाळी १६५ आली कुठून? ती यकृतातून आली. आपण झोपलेलो असताना मेंदूला साखर लागतच असते आणि ती पुरवण्याचं काम यकृत करतं. निरोगी माणसाचं यकृत किलो वजनामागे मिनिटाला साधारण २ मिलिग्रॅम ग्लुकोज रक्तात सोडतं; ६० किलोच्या माणसासाठी तासाला सात ग्रॅमच्या आसपास. इन्सुलिन यकृताला आवर घालतं. टाइप २ मधुमेहात हा आवर सैल झालेला असतो. त्यात पहाटे तीन-चारपासून ग्रोथ हार्मोन आणि कॉर्टिसॉल यांचा जोर वाढतो, यकृत आणखी साखर सोडतं, आणि उठेपर्यंत आकडा चढतो. वैद्यकात याला ‘डॉन फिनॉमेनन’ म्हणतात. रात्रीचा पेला कितीही कमी कर्बोदकांचा असला तरी तो हा पहाटेचा चढ मोडत नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात टाइप २ च्या रुग्णांना एका रात्री झोपताना अंडी दिली, एका रात्री कर्बोदकं जास्त असलेलं दही दिलं आणि एका रात्री काहीच दिलं नाही. अंड्याच्या रात्रीनंतरची सकाळची साखर दह्याच्या रात्रीपेक्षा कमी आली, पण काहीच न खाल्लेल्या रात्रीपेक्षा ती सरस नव्हती. भूक नसेल तर काहीही न पिता झोपणं हा पूर्ण योग्य पर्याय आहे, आणि तो कुणी सुचवत नाही, कारण त्यात विकायला काही नसतं.

स्वतःचं शरीर काय करतं हे ग्लुकोमीटर सांगतो. तीन आकडे घ्यायचे: झोपताना, मध्यरात्रीनंतर तीनच्या सुमारास गजर लावून, आणि उठल्यावर. एका रात्री नेहमीचा पेला पिऊन, दुसऱ्या रात्री तो वगळून, जेवण दोन्ही रात्री सारखं ठेवून. तीनचा आकडाच चढलेला असेल तर दोष जेवणाचा किंवा पेल्याचा. तीनला ठीक आणि सहाला चढलेला असेल तर पहाटेच्या यकृताचा, आणि मग बोलायचं ते डॉक्टरांशी, औषधाच्या वेळेबद्दल आणि मात्रेबद्दल. सहा पट्ट्या खर्च होतात, पण वर्षभराचे तर्क संपतात. कोजागरीचं मसाला दूध या हिशेबात आणू नये. वर्षातून एकदा चंद्राखाली बसून अर्धा पेला प्यावा, त्या दिवशी जेवणात भात घेऊ नये, आणि बाकीच्यांबरोबर गाणी म्हणावीत.

मूत्रपिंडाचा त्रास सुरू झालेल्यांना दूध, टोमॅटोचं सार, नारळ, कढण हे सगळंच पोटॅशियम आणि फॉस्फरसच्या हिशेबात बसवावं लागतं. त्यांनी या लेखावरून काही ठरवू नये, आहारतज्ज्ञांना विचारावं. वयस्कांनी कुठलंही पेय झोपायच्या दीड तास आधी घ्यावं. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांनी लघवी आधीच वाढलेली असते, आणि रात्री अंधारात उठून न्हाणीघराकडे जाताना पडणं हा साखरेइतकाच मोठा धोका आहे.

आता राहिला तो गट, ज्याच्यासाठी कमी कर्बोदकांचा पेला धोक्याचा ठरू शकतो. इन्सुलिन घेणारे, आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या घेणारे. ही औषधं साखर किती आहे ते न बघता काम करत राहतात. झोपताना आकडा १०० च्या खाली असेल, संध्याकाळी नेहमीपेक्षा जास्त चालणं झालं असेल किंवा जेवण कमी गेलं असेल, तर त्या रात्री गवती चहा पिऊन झोपू नये. त्या रात्री पूर्ण पेलाभर दूध आणि सोबत दोन बिस्किटं हेच बरोबर; किती आकड्याला काय घ्यायचं ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावं. मद्याचा पेग घेणाऱ्यांसाठी हे दुप्पट लागू आहे. व्हिस्कीत कर्बोदकं नसतात म्हणून ती चालते, असा समज पुरुषमंडळींत सर्रास आढळतो. पण यकृत मद्य निस्तरण्यात गुंतलं की नवी साखर बनवणं थांबवतं, आणि मध्यरात्रीनंतर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. शेजारी झोपलेल्याला ते दारूची झोप वाटतं.

रात्री घाम फुटून जाग आली, हात थरथरले, भयंकर स्वप्न पडलं, सकाळी डोकं जड आणि उशी ओली असेल, तर शंका साखर उतरल्याची घ्यावी. ७० च्या खाली आकडा आला की १५ ग्रॅम झपाट्याने चढणारी साखर लागते, म्हणजे तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. अशा वेळी चॉकलेट वा बदामाचं दूध उपयोगाचं नाही. त्यातली चरबी साखरेला पोटातच रेंगाळवते. माणूस नीट शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही ओतू नये, थेट दवाखाना गाठावा. आणि ज्यांच्या चिठ्ठीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आहे त्यांच्या घरच्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: ही औषधं साध्या साखरेचं विघटन अडवतात, त्यामुळे साखरपाणी पाजूनही आकडा लवकर चढत नाही. त्यांना औषधाच्या दुकानात मिळणारं ग्लुकोजच द्यावं लागतं. त्याचा डबा स्वयंपाकघरातल्या फडताळात न ठेवता पलंगाजवळ, हाताशी ठेवावा, आणि तो कशासाठी आहे हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावं.